पिस्तुलाला नमस्कार

पहिल्यांदा पिस्तूल हातात आलं तेव्हा मला आनंदानं ओरडावंसं वाटलं होतं. पण त्या शेडमध्ये आपणहून ओरडायची परवानगी एकाच माणसाला होती, ते म्हणजे आमचे उस्ताद. बाकीच्यांनी त्यांनी सांगितलं तेव्हाच ओरडायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते. आमचं घर नाशिकच्या कडेला, मळ्यातच. झेंडू, शेवंती, निशिगंध. सकाळी वडिलांबरोबर फुलांच्या पाट्या बाजारात पोचवायच्या आणि तिथूनच सायकल दामटत कॉलेज गाठायचं, असा माझा दिवस सुरू व्हायचा. कॉलेजच्या फलकावर एकदा कागद दिसला, 'नवशिक्यांसाठी हवेच्या पिस्तुलाचा सुरक्षा कोर्स.' मी आधी नाव नोंदवलं आणि मग घरी सांगितलं.

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "फुलं विकणाऱ्याची पोर बंदूक चालवणार? उद्या बघायला येणारे पाहुणे दारातूनच पळतील."

वडील म्हणाले, "जाऊ दे गं. चार दिवसांत कंटाळून परत येईल."

मी काही कंटाळले नाही. पण तो कोर्स माणसाला कंटाळा यावा म्हणूनच आखलेला होता, हे मात्र शंभर टक्के खरं.

मैदानाच्या मागं नेमबाजी क्लबची पत्र्याची लांबट शेड होती. एका टोकाला टेबलांची रांग, दुसऱ्या टोकाला लक्ष्याचे कागद, बाहेर एक पिंपळ. उस्ताद फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे घोटीकडचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. कडक इस्त्रीची खाकी पँट, पाठ अशी ताठ की बसलेत की उभे आहेत ते लांबून कळायचं नाही. पहिला आठवडाभर पिस्तुलं पेटीत आणि पेटीला कुलूप. आम्ही बाहेर उन्हात, रांगेत. उस्ताद विचारायचे आणि आम्ही एका सुरात उत्तर द्यायचो.

"पिस्तूल कायम कसं समजायचं?"

"भरलेलं, उस्ताद!"

"बोट कुठं?"

"चापाच्या बाहेर, उस्ताद!"

"नळी समोर हाय का?"

"जी, उस्ताद!"

"आवाज नाय आला! सायखेड्यापोहोत गेला पाह्यजे!"

"जी, उस्ताद!"

त्यासरशी पिंपळावरचे कावळे भर्रकन उडायचे. कावळे उडाले नाहीत तर उत्तर पुन्हा द्यायचं. आमच्या बॅचमधली निम्मी माणसं पिस्तुलाचं तोंडही न बघता निघून गेली. उस्तादांना त्याचं सुखदुःख नव्हतं. "गेला तो बरा. ज्याला धड उभं ऱ्हाता येत नाय, त्यानं हत्यार कशाला धरावं?" असं म्हणून ते उरलेल्यांकडं वळायचे.

आणि मग एकदाची पेटी उघडली. काय सांगू! तेलाचा तो वास, लोखंडाचा तो गारवा, आणि दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वजन.

"आधी नमस्कार," उस्ताद म्हणाले. पिस्तूल दोन्ही तळहातांवर आडवं घ्यायचं आणि वर उचलून कपाळाला लावायचं. आम्ही टेबलांपाशी खांद्याला खांदा लावून उभे होतो. सगळ्यांच्या नळ्या डावीकडं, सगळ्यांचे हात एकदम वर, सगळ्यांचे डोळे मिटलेले. दसऱ्याला विळा, कोयता आणि फवारणीचा पंपसुद्धा हळदकुंकू लावून पुजणाऱ्या घरातली मी, मला तो नमस्कार अगदी मनापासून पटला. उस्तादांचा तर त्यावर जीव होता. "हत्यार देवाच्या जागी हाय. त्याचा मान पयला," असं ते म्हणायचे, आणि तेवढं एकच वाक्य हळू आवाजात म्हणायचे.

मला पिस्तुलाचं वेडच लागलं. एसटीनं गावोगावच्या स्पर्धांना गेले, कधी हरले, कधी जिंकले, आणि दोन हजार सालानंतर त्याच शेडमध्ये उस्तादांच्या हाताखाली शिकवायला लागले. तोपर्यंत दिवस पालटले होते. पेपरात नेमबाजांचे फोटो यायला लागले होते. आईबाप पोरांना घेऊन दारात उभे राहायचे, मालेगावहून पहाटेची गाडी धरून लोक यायचे. पहिल्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आणि आठवड्यानं पुन्हा कावळे आणि आम्ही.

माझा जीव तुटायचा. बरं, जे टिकायचे त्यांना तरी काही यायचं का? एक पोरगा होता, नियम म्हणण्यात सगळ्यांच्या पुढं. पहिल्यांदा पिस्तूल हातात दिलं, तर गर्रकन माझ्याकडं वळून विचारतो, "मॅडम, असंच धरायचं ना?" नळी थेट माझ्या पोटावर! आदल्याच दिवशी 'नळी समोर' म्हणून कावळे उडवले होते बाळानं. नियम तोंडाला पाठ झाले होते, हातांना कुणी शिकवलेच नव्हते.

मी उस्तादांशी भांडले. मला गप्प बसता येत नाही, हे एव्हाना त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "उस्ताद, ओरडून घेऊन उपयोग नाही. पहिल्या तासापासून पिस्तूल हातात द्यायला हवं."

"मंग आजून जोरात ओरडून घे," ते म्हणाले.

मी माझी पद्धत थेट क्लबच्या कमिटीपुढं मांडली. पिस्तूल पहिल्याच दिवशी टेबलावर, रिकामं, नळी लक्ष्याकडं. नळीतून आरपार पिवळी नायलॉनची सुतळी ओवलेली, आमच्या मळ्यात निशिगंधाच्या जुड्या बांधतात तीच. दोन्ही टोकांना सुतळी दिसली की आत छर्रा नाही, हे आंधळ्यालाही कळेल. मग माणसांच्या जोड्या. एक नेम धरणार, दुसरा त्याची राखण करणार. पिकाची राखण करतो तशी, नजर फक्त त्याच्या हातावर आणि नळीवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की काहीही चुकतंय असं वाटलं की कुणीही 'थांबा' म्हणायचं. त्यासरशी सगळ्यांनी पिस्तूल खाली ठेवायचं. तू कोण मला सांगणारा, असं विचारायचं नाही.

"म्हंजी कालची पोरं उस्तादाला थांबवणार?" उस्तादांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"आन् नमस्कार? त्यो कुठं हाय तुझ्या ह्या कार्यक्रमात?"

खरं सांगायचं तर नमस्कार माझ्या डोक्यातच आला नव्हता. वेळ वाचवायच्या नादात तो गळून गेला होता. मी काहीतरी पुटपुटले. उस्तादांनी नुसती पाठ फिरवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

कमिटीनं शेवटी एक बॅच दिली. एकच. शेवटच्या दिवशी उस्ताद येऊन बघतील, आणि त्यांनी मान हलवली तरच पुढं चालेल. नाहीतर पुन्हा पेटी, कुलूप आणि कावळे, आणि मी लक्ष्याचे कागद टांगायला मोकळी. मला ती बॅच इतकी हवी होती की घास गोड लागेना. आणि उस्तादांची ती हललेली मान तर त्याहून हवी होती. आई म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढी घाबरली नव्हतीस."

त्या बॅचमध्ये पंचवटीतल्या एक ताई होत्या. चाळिशीच्या, बँकेत नोकरी, सासरी पिढीजात पौरोहित्य. खरं तर नाव त्यांच्या मुलीचं होतं. मुलगी पहिल्याच तासाला कंटाळली, आणि तिला सोडायला आलेल्या ताई मात्र पिस्तूल हातात घेऊन अशा खुलल्या की त्यांनी तिथल्या तिथं मुलीचं नाव खोडून आपलं घालायला लावलं. हात स्थिर, नजर पक्की. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. त्यांच्या तोंडून 'थांबा' बाहेर पडेना.

मी शेडच्या त्या टोकाला उभी राहायचे आणि म्हणायचे, "ताई, मला ऐकू आलं नाही."

"अहो, मी घरात एवढ्यानं कधी बोललेच नाही," त्या म्हणायच्या.

"इथं तुमचं सासर नाही. ओरडा!"

सगळे हसायचे, त्याही हसायच्या आणि पुन्हा तोच मांजराचा आवाज. फार तर रिक्षावाल्याला हाक मारावी एवढा चढला. माझ्या पद्धतीचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा होता, त्यामुळे शेवटच्या दिवशी त्यांना कुणाची राखण द्यावी याची मला धास्तीच होती.

तो दिवस आला. कमिटीची मंडळी आणि घरची माणसं शेडच्या डाव्या अंगाला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. ताईंची मुलगी चिवड्याची पुडी घेऊन पुढच्याच खुर्चीत. उस्ताद इस्त्रीच्या पँटमध्ये, हात मागं बांधून, टेबलांमागून सावकाश फिरत होते. आणि माझी बॅच काय सुरेख चालली होती! सुतळी काढली, राखणदारानं बघितलं, छर्रा घातला, मारला, पिस्तूल खाली, सुतळी परत आत. एक बोट चुकलं नाही, एक नळी हलली नाही. मला नाचावंसं वाटत होतं. उस्तादांच्या चेहऱ्यावर मात्र काही लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यांचं झाल्यावर कमिटीतले एक जण कौतुकानं म्हणाले, "उस्ताद, आता तुमचा हात बघू द्या."

उस्ताद टेबलाशी आले. सुतळी काढून नीट बाजूला ठेवली. मग माझ्याकडं बघितलं. काय गाळलंस ते आता बघ, असं ती नजर सांगत होती. त्यांनी पिस्तूल दोन्ही तळहातांवर आडवं घेतलं, डोळे मिटले आणि हात कपाळाकडं उचलले.

"थांबा!"

पत्रा दणाणला. सगळ्या टेबलांपाशची माणसं हात वर करून मागं सरली. हा आवाज कुणाचा, हे मला क्षणभर कळलंच नाही. उस्तादांचे हात छातीपाशीच थिजले होते, आणि बँकेतल्या ताई लालबुंद चेहऱ्यानं एक पाऊल पुढं आल्या होत्या.

कमिटीतले गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, ते उस्ताद आहेत!"

"हो," ताई म्हणाल्या. आवाज पुन्हा तेवढासा झाला होता. "पण नळी माणसांकडं आहे."

सगळ्यांनी डावीकडं बघितलं. नळीच्या सरळ रेषेत ताईंची मुलगी बसली होती, चिवड्याचा घास हातात धरून. आणि माझ्या डोळ्यांपुढं आमची ती जुनी रांग उभी राहिली. खांद्याला खांदा, सगळ्या नळ्या डावीकडं, डोळे मिटलेले, आणि प्रत्येकाची नळी शेजारच्याच्या कानशिलावर. इतकी वर्षं! नियम ओरडून ओरडून कावळे उडवले, आणि नंतर रोज अगदी भक्तिभावानं तोच नियम मोडला. नमस्काराकडं कुणी नियमाच्या नजरेनं बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

मला आता बॅचची काळजी उरली नव्हती, ती गेल्यातच जमा होती. मला उस्तादांकडं बघवेना. एवढ्या माणसांत, त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीवर बोट ठेवलं गेलं होतं.

उस्तादांनी अगदी हळू पिस्तूल खाली ठेवलं, नळी लक्ष्याकडं.

"मंग नमस्कार कसा करायचा, बाई?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांचं खरंच अडलं होतं.

"देवघरात करतो तसा करू या ना," ताई म्हणाल्या. "तिथं आपण देव उचलून कपाळाला लावत नाही. देव जागेवरच असतो, आपण वाकतो."

उस्तादांनी मान हलवली. मग हात जोडले आणि वाकले. ती ताठ पाठ वाकलेली मी कधीच बघितली नव्हती. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला, टेबलाच्या कडेला त्यांनी कपाळ टेकवलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

ते सरळ झाले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "आता माझी राखण कोन करणार?"

"मी," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. सुतळी काढलेली आहे ना ते बघितलं, त्यांचं बोट बघितलं, आणि त्यांच्या त्या सौम्य, घरच्या आवाजात विचारलं, "नळी समोर आहे का?"

उस्तादांनी छाती भरून श्वास घेतला, समोर बघत टाचा जुळवल्या आणि पिंपळावरचे कावळे उडतील असं ओरडले,

"जी, उस्ताद!"