निळ्यावर लाल काड्या

"वहिनी, जाताना तू मला एक काम सांगितलंस. ते मी केलं नाही, करणारही नाही. का, ते मात्र तुला कळायला हवं होतं."

एवढं लिहून नणंदबाईंनी पेन ठेवलं. तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला, पण पुढची ओळ सुचेना.

वहिनी क्षयाच्या दवाखान्यात, लॅबमध्ये होती. लोकांचा बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, शोधायच्या. बावीस वर्षं हेच. घरी त्यावर बोलायची बंदी. नवऱ्याला घास जात नसे. म्हणून ती भांडी घासताना नणंदेला सांगे.

"अंगात पहारेकरी पेशी असतात, वन्सं. जंतू दिसला की गिळतात आणि पचवून टाकतात. हा मात्र गिळला तरी पचत नाही. त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो."

"म्हणजे घरजावईच की!"

"घरजावई परवडला. तो जेवून झोपतो तरी. मग दुसऱ्या पेशी भोवती कडं करून बसतात, गाठ होते. हा आत वर्षानुवर्षं पडून राहतो. अंगातली ताकद सरली, की कडं फुटतं."

वहिनीला साखरेचा आजार होताच. त्यात खोकला लागला. तिनं गुपचूप स्वतःची काच पाहिली. एकही काडी नाही.

"दुपारची नुसती थुंकी घेतली हो," आठवड्यानं ती ओशाळून म्हणाली. "लोकांवर रोज खेकसते, सकाळचा, छातीतून खोकून काढलेला बेडका आणा. स्वतःला मात्र फसवलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नणंदेच्या हातात एक डबी ठेवली. "नदीपलीकडच्या दवाखान्यात द्या. आमच्याकडे कळलं, तर उद्यापासून माझा कपसुद्धा वेगळा ठेवतील."

नणंदबाईंच्या कॉलेजात त्या दिवशी परीक्षा होती. डबी स्टाफरूमच्या खिडकीत राहिली, दिवसभर उन्हात. संध्याकाळी त्यांनी ती टाकून दिली. उद्या नवी मागू, असं ठरवलं. पण मागायची तर कबूल करावं लागणार, आणि घरात विसरभोळेपणावरून सगळ्यांना झापायचा मक्ता त्यांचाच. दोन दिवसांनी वहिनीनं दारातच विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

वहिनी हसली. किती दिवसांनी! मग खोकल्याचं बाटलीतलं औषध पीत तिनं चार महिने काढले. पाचव्या महिन्यात बेसिनमध्ये रक्त पडलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात? तुम्ही तर यातल्याच."

"तपासणी केली होती," वहिनी ठामपणे म्हणाली. नणंदबाईंनी एक्स-रे पाकिटात घातला.

गोळ्या सुरू झाल्या, पण फुप्फुसात उरलं काय होतं? शेवटच्या आठवड्यात तिनं नणंदेचा हात धरला.

"वन्सं, एक काम करा. नदीपलीकडे जाऊन सांगा, तुमचा रंग बिघडलाय, नाहीतर रंगवताना काच नीट तापवत नाही, म्हणून काड्या दिसत नाहीत. माझ्यासारखे आणखी किती सुटले असतील! भांडू नका हं. मुली नव्या असतील, चुकतात."

"सांगते," नणंदबाई म्हणाल्या.

त्या नदीपलीकडे अजून गेलेल्या नाहीत.