छत्री धरलेल्या माणसाची नोंद नाही

जून, पहिला सोमवार: माझा अर्ज खिडकीवर स्वीकारला गेला. जबाबदार: आवक लिपिक. पोळ्याचा आदला दिवस: ‘रीळ उपलब्ध, दाखवण्याचे यंत्र उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर. जबाबदार: अभिलेख अधीक्षक. दिवाळीनंतरचा कामाचा पहिला दिवस: ‘परदेशी विषय, जिल्ह्याशी असंबद्ध’ असा शेरा मारून रीळ जाळून नष्ट. जबाबदार: तीन सह्या, तिन्ही न वाचता येणाऱ्या.

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी एक अमेरिकी सेनाधिकारी अजिंठ्याची लेणी पाहायला आले होते. माझे वडील निजामाच्या अमलापासून कचेरीत कारकून होते. कचेरीच्या मिसली, म्हणजे फायली, उर्दूत लिहीत, पण इंग्रजी बोलता येई, म्हणून त्या दिवसापुरते त्यांना दुभाषी नेमले. ऊन कडक होते. साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून वडील दिवसभर चालले आणि सोबतच्या कॅमेऱ्याने ते टिपले.

पुढे अमेरिकी बातमीपट दाखवणारी प्रचाराची गाडी आमच्या गंगापूरला शाळेच्या मैदानात आली. अंधार पडल्यावर पडदा लागला. विमानातून हॅट हलवत उतरणारे अमेरिकेचे अध्यक्ष, पदकांनी छाती भरलेले जनरल, संचलन पाहणारी गर्दी, आणि त्यातच क्षणभर आमचे वडील. पुरुष पडद्यासमोर बसत, बायका पडद्याच्या मागल्या बाजूला. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, ते सारे उलटे पाहिले. तिच्या लेखी अमेरिकेचे जनरल आजही डाव्या हाताने सलाम ठोकतात. वडिलांच्या गालावरचा तीळ नेमका कोणत्या बाजूला होता, याची तिला खात्री उरलेली नाही. मी तीन वर्षांचा होतो, आईच्या मांडीवर झोपलेला. आईने मला उठवले नाही.

पुढल्या उन्हाळ्याआधीच वडील तापाने गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही.

गेल्या वर्षी अभिलेखागारात जुने अमेरिकी बातमीपट सापडल्याची बातमी वाचली आणि यादी पाहायला गेलो. अजिंठा भेटीचे रीळ तिच्यात होते. त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितले की अक्काची नजर फार तर वर्षभर टिकेल. ती म्हणाली, “एकदा समोरून पाहू दे रं मला त्यांना.” मी हयातभर न्यायालयात शिरस्तेदारी केली. अर्ज कसा करावा, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

खिडकीवरचा लिपिक मात्र हसला. “काका, ह्याच्यात अमेरिकेचा जनरल आहे. तुमचं काय त्याच्यात?”

“त्यांच्या डोक्यावर छत्री धरणारा माझा बाप आहे.”

“रजिस्टरला जनरलची नोंद आहे. छत्रीवाल्याची नाय.” शेजारच्या टेबलाकडे वळून तो म्हणाला, “बघा साहेब, काकांची डायरेक्ट अमेरिकेत वट आहे!” दोघेही हसले. मी पोच घेतली आणि बाहेर पडलो.

रीळ नष्ट झाल्याचे पत्र आले त्या दुपारी अक्काचा फोन आला.

“काय म्हणलं रं हापिस?”

“शोधतायत, अक्का.”

“लवकर शोधा म्हणाव. आता दारातला माणूसबी वळखू येत नाय मला.”

ज्याने जन्मभर साक्षीदारांना खरे बोलण्याची शपथ दिली, तो मी बहिणीशी खोटे बोललो. तेव्हापासून ती रोज फोन करते आणि मी रोज तेच सांगतो. पहिले अपील फेटाळले गेले, दुसरे पडून आहे. निकाल माझ्या बाजूने लागला तरी जळालेली फिल्म परत येणार नाही, हे मला कळते.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो मी इथे जाहीरपणे विचारतो. रीळ दाखवायला यंत्र नाही, हे तुम्हीच मला लेखी कळवले होते. मग ते न पाहताच जिल्ह्याशी असंबद्ध कसे ठरले? ज्या तिघांनी सह्या केल्या, त्यांनी आपापली नावे सांगून याच शहरात, लोकांसमोर उभे राहून याचे उत्तर द्यावे. टपालाने पाठवलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.