गुनहिल्डची डुगडुगणारी खुर्ची

नॉर्सवुडच्या सॉ मिलमध्ये करवतीखाली डावा पंजा गेला आणि रास्मुस थोरुप चुलीजवळून हलेनासा झाला. डेन्मार्कमध्ये असताना तो चांगला नावाजलेला सुतार होता. न्यूझीलंडला आला तो जंगल तोडायला, आणि हे होऊन बसलं. त्याची बायको मारेन लोकांचे कपडे धुऊन घर रेटत होती.

एका सकाळी शेजारची गुनहिल्ड, नॉर्वेची एक विधवा म्हातारी, पाय मोडलेली खुर्ची घेऊन दारात उभी राहिली. रास्मुसने तोंड फिरवलं.

"त्याचा एक आणि तुझे दोन, तीन हात झाले," ती मारेनला म्हणाली. "मला तर दोनच आहेत." आणि खुर्ची ठेवून चालती झाली.

मारेनने मिलमागून टोटारा लाकडाचा तुकडा आणला. ती धरायची, तो मुकाट्याने रंधा मारायचा. चार दिवसांनी पाय बसला. दुसऱ्या दिवशी खुर्ची परत आली. डुगडुगते म्हणे. पाय घासून पाठवली, तरी पुन्हा परत. मारेनला रडूच आलं. रास्मुस मात्र ताडकन उठला. म्हातारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने बाकाला चामड्याचा पट्टा ठोकला, त्यात लाकूड अडकवलं, पायाने पट्टा ताणून धरला आणि कुणाचा हात लागू न देता चारही पाय नवे घडवले.

या खेपेला खुर्ची पोचवायला मारेन स्वतः गेली. तिथे ठेवली, तर डुगडुगलीच. तिने खाली पाहिलं. जमिनीची एक फळी चांगली दोन बोटं वर आलेली.

"मावशी, तुमची जमीनच वाकडी आहे की."

"ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. आता शिव्या देतो का?"

"भरपूर."

"मग झालं. बस, कॉफी टाकते."

मारेन त्या डुगडुगत्या खुर्चीवरच बसली.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत रास्मुसच्या पडवीत खुर्च्यांची रांग लागली. नवं लग्न झालेली जोडपी, शाळेचे मास्तर, मिलमधले जुने सोबती, सगळे त्याच्याकडे यायचे. गुनहिल्डइतकं किरकिरं गिऱ्हाईक जगात नाही, असं तो प्रत्येकाला रंगवून सांगे. मारेनने त्याला खरं कधीच सांगितलं नाही. म्हातारीचे गुडघे आखडले, तेव्हापासून दर शनिवारी मारेन तिचे कपडे धुवायला जाऊ लागली. आभाराचा शब्द मात्र तोंडून काढला नाही. नाहीतर म्हातारीने तिला दाराबाहेर काढलं असतं.