कच्चं लिनक्स आणि शरणूची सोयरीक

कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला की त्यातला निम्मा बिघाड जातो. किस्सा मात्र जात न्हाई! आमच्या सीमाभागातल्या आळंदच्या क्लासात असे किस्से इतके साठलेत की कुणाच्या बारशाला चार जण बसले की "दत्ता, शरणूच्या लॅपटॉपचं सांग की" अशी फर्माईश येतीच. मीबी आढेवेढे घेत न्हाई. माझ्यासारखा सांगणारा ह्या तालुक्यात दुसरा न्हाई, असं लोकच म्हणतात. मी फक्त नाकारत न्हाई.

तर आधी माणसं. खताच्या दुकानावरच्या माडीवर आमचा तिघांचा कॉम्प्युटर क्लास. मी मराठीवाला, शरणप्पा म्हणजे शरणू कन्नडवाला, आणि खाजा उर्दूवाला. लग्नपत्रिका आणि अर्ज तिन्ही भाषांत टाइप करून द्यायचो. त्या काळात आळंदातून जो तो पोरगा पुण्याला न्हाईतर हैदराबादला निघालेला. तिथली नोकरी सोडून उलटा आलेला एकटा शरणू. कामून आलास म्हणून विचारलं तर "तिथं दुसऱ्याचं चालवायलो होतो, इथं आपलं चालवतो" म्हणायचा. पोरींच्या बापांना हे काही पटायचं न्हाई. दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिसरी मोडली असती तर शरणू कामातून गेला असता, कारण ती आमच्याच क्लासात शिकणाऱ्या महानंदाची होती, आणि महानंदात त्याचा जीव अडकलेला.

आणि हा लॅपटॉप. पुण्याहून येताना शरणूनं आणलेला. सगळं गाव चोरीच्या सीडीवर चालायचं, पण शरणूचा नियम वेगळा. फुकटचं चालेल, चोरीचं न्हाई! म्हणून त्यावर लिनक्स, कॉम्प्युटर चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि तेबी अजून तयार न झालेलं. बनवणारे लोक ते बाहेर यायच्या आधी जगभर वाटतात आणि सांगतात, वापरा, काय मोडतंय ते लिहून कळवा. शरणूला ह्याचं वेडच. त्यातल्या वाक्यांचं कन्नड तो करायचा, मराठी मी आणि उर्दू खाजा.

*

ते लिनक्स इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं म्हणजे दिवसभराचं काम. फोनची लाईन एकच, खाली खतवाल्या मालकाची, तिचीच वायर वर आमच्याकडं. खाली कुणी रिसीव्हर उचलला की वर इंटरनेट तुटायचं. त्यात पेरणीचे दिवस. दर घटकेला मालक फोन उचलणार, दर घटकेला शरणूची सुरुवात पहिल्यापासून.

शेवटी खाजा खाली गेला. तोंड एवढंसं करून मालकाला म्हणाला, हवा दमट हाय, फोनमधे करंट उतरायलाय, सांजपर्यंत हात लावू नका. मालक बिचारा घाबरला. फोन दिवसभर मुका पडून राहिला, तो लांबूनच बघत बसला.

सांजेला काम झालं. आम्ही खाली जाऊन सांगितलं, मालक, फोन नीट झाला. तर ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "रोज फोनवर भाव विचारून घरी बसणारे आज फोन लागंना म्हणून दुकानात आले, पोती घेऊन गेले. आठवड्यातून एक दिवस करंट उतरू द्या की!"

*

त्या लिनक्सात मी एक वाक्य मराठी केलं होतं, 'कृपया थोडा वेळ थांबा.' माझंच वाक्य, म्हणून त्याचा मला भारी अभिमान.

एकदा माणिकतात्या नावाचे म्हातारे शेतकरी अर्ज टाइप करून घ्यायला आले. अर्ज अर्धा झाला आणि लॅपटॉप अडकला. पडद्यावर माझं वाक्य. येईल आपोआप म्हणून मी चहाला गेलो, तिथं गप्पा रंगल्या, तिथूनच घरी जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर तात्या तसेच खुर्चीत, पटका मांडीवर, नजर पडद्यावर.

मी म्हणालो, तात्या, ते बिघडलंय, हाक तरी मारायची. तात्या म्हणाले, "बिघडलं असंल. पण कृपया म्हणायलंय की ते. कचेरीत आजवर नुसतं थांब म्हणतात. कृपया म्हणणाऱ्याला टाकून कसं उठू?"

*

पुढचा किस्सा लाईटचा. आमच्याकडं लाईट जायची म्हणजे शरणूचा लॅपटॉपच बंद पडायचा. त्याला बॅटरी होती, चांगली होती, तरी पडदा काळा. शरणूनं रिपोर्ट लिहिला. बर्फाच्या देशात बसलेला एक गडी हे रिपोर्ट बघायचा. त्याचं उत्तर आलं, मी वायर काढून बघितली, माझा चालू आहे, तुमच्या वागण्यात काहीतरी चुकतंय.

शरणूचं डोकं फिरलं. आमच्या वागण्यात! पण दोन दिवस लाईटकडं नीट बघत बसला तवा उमगलं. आळंदची लाईट जाताना नुसती जात न्हाई. जाती, परत येती, परत जाती, परत येती, आणि मग निवांत जाती. सासरी निघालेल्या लेकीसारखी दारातून मागं फिरती. शरणूनं तसंच लिहून कळवलं, फक्त लेकीचं वगळून.

त्या गड्यानं मग वायर काढ, घाल, काढ, घाल असं केलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, तुमचं बरोबर, माझाबी बंद पडला. शरणू माडीभर नाचला. खाजा पान लावत म्हणाला, "मुबारक हो मियाँ. अपने आळंद की लाईट अब परदेस में भी जाने लगी!"

*

तो बिघाड दुरुस्त झाला, पण दुसरा काही केल्या सापडंना. हा महानंदाचा बिघाड.

महानंदा म्हणजे आडत्या बसवणप्पांची लेक. अप्पांचं घर आळंदातच, मूळ गाव मुडबी. टायपिंग पहिल्या महिन्यातच शिकली, मराठी आणि कन्नड दोन्ही झरझर. म्हणून शरणूनं तिला लॅपटॉपवर बसवलं, नवीन लिनक्स वापरून बघा म्हणून. ती बसली की थोड्या वेळानं लॅपटॉप आपोआप बंद! खाजा बसला तर चालू, मी बसलो तर चालू. ती बसली की बंद. मग शरणू बाकीची सगळी पोरं सोडून तिच्याशेजारी स्टूल टाकायचा आणि क्लास संपेस्तोवर तपासत बसायचा. पोरगी मान खाली घालून गप.

शरणूनं लई डोकं चालवलं. बांगड्यांच्या धातूचा परिणाम असंल म्हणून तिला काचेच्या घालून यायला सांगितलं. काचेच्या घालून आली, तरी बंद. मग हेबी रिपोर्टात गेलं, की वापरणारीच्या हातात बांगड्या आहेत. बर्फातला गडी लई नेक माणूस. त्यानं विचारलं, बांगड्या कशाच्या, किती, कुठल्या हातात? आणि शेवटी लिहिलं, दिलगीर आहे, माझ्याकडं तपासायला बांगड्या नाहीत.

खाजा म्हणाला, एक डझन पाठवून देऊ, माप तेवढं विचार.

*

शेवटी शरणूच्या आईनं, शांतक्कानं, धीर करून मधल्या माणसाकरवी अप्पांकडं शब्द टाकला. अप्पांनी व्हय म्हटलं न्हाई, न्हाई म्हटलं न्हाई. एका सकाळी स्वतःच क्लासात आले.

अप्पांची बाजारात एक रीत होती. तुरीच्या पोत्यात ते वरून मूठ घालायचे न्हाईत. पोकळ टोकदार सळई पोत्याच्या पोटात खुपसायची, मधली तूर तळहातावर घ्यायची, आणि मग भाव बोलायचा. वरची तूर सगळेच चांगली भरतात म्हणायचे.

हे मला आणि खाजाला ठाऊक. म्हणून आम्ही शरणूला आधीच बजावलं होतं, आज जुनं चांगलं चालणारं काहीतरी दाखव, तोंड कमी उघड, बोलायचं आम्ही बघतो. अप्पा टेकले तसं मी सुरू केलं, की शरणूचं काम पार परदेशात चालतं. खाजानं जोड दिली, की तिकडचे साहेब ह्याला विचारल्याबिगर पुढं जात न्हाईत. अप्पांनी शरणूला विचारलं, पगार काय देतात?

"काही न्हाई अप्पा. फुकट करतो."

खाजा आढ्याकडं बघायला लागला. आणि ह्या शहाण्यानं नेमका तोच लॅपटॉप उघडला. चालू होताना पहिलंच वाक्य आलं, माझ्याच हातचं, 'ही आवृत्ती अजून कच्ची आहे. महत्त्वाच्या कामाला वापरू नये.' अप्पांनी चष्मा लावून ते सावकाश मोठ्यानं वाचलं. ते मराठी केल्याचा मला पहिल्यांदाच पस्तावा झाला.

अप्पा म्हणाले, काय काय कच्चं हाय, सांग. आणि शरणूनं सांगितलं की हो! आवाज येत न्हाई. छापताना शेवटची ओळ खातं. एकदा झोपलं की हलवलं तरी उठत न्हाई. आणि कधीकधी आपोआप बंद पडतं.

"कुणापाशी बंद पडतं?"

शरणूनं तेबी सांगितलं. "तुमच्या महानंदापाशी. दुसऱ्या कुणापाशी न्हाई. लई शोधायलोय अप्पा, कारण सापडंना."

अप्पा 'हं' म्हणाले आणि चहा न घेता जिना उतरले. मला तर रडूच यायचं राहिलं होतं. खाजानं शरणूच्या पाठीत एक हाणली. "सब लोगां तूर में के कंकर छुपाते. हमारा नवरदेव एकेक चुन के दिखाया!"

*

मग कितीतरी दिवस निरोप न्हाई. शरणूनं जेवण कमी केलं. दाढी वाढली. रिपोर्ट लिहायचं तेवढं चालू होतं, तेबी त्या एकाच बिघाडाचे. आणि एक दिवस अप्पांचा माणूस आला, मुडबीला या. त्यांच्या घराण्यात सोयरीक गावच्या चार थोरांसमोरच बोलायची पद्धत.

आम्ही तिघं आणि शांतक्का गेलो. जाजमावर थोर मंडळी, पुढं चुरमुऱ्यांच्या सुसल्याच्या ताटल्या. महानंदा येऊन नमस्कार करून दाराआड गेली. शांतक्का रीतीनं विचारायला लागल्या, पोरगी किती शिकली, स्वयंपाकाचं कसं. अप्पांनी हात वर केला.

"थांबा अक्का. तुमच्या पोराचं मधलं मी बघितलंय. आता आमचं बघा, मग बोला." आणि एकेक बोट दुमडत सांगायला लागले, "सकाळी तीन हाका मारल्याबिगर उठत न्हाई. भाकरी थापती, पण फुगत न्हाई. राग आला की दोन दिस आवाज येत न्हाई."

सोयरिकीच्या बैठकीत पोरीच्या बापानं असं बोललेलं मुडबीनं कधी ऐकलं नसंल. थोर मंडळी जाजमाचे धागे मोजायला लागली. आतून महानंदाच्या आईचा खोकला सुरू झाला. शांतक्का कधी अप्पांकडं, कधी शरणूकडं बघायलेत. अप्पा म्हणाले, एवढंच हाय, आता तुमचं तुम्ही बघा.

तेवढ्यात दाराआडून महानंदा बोलली.

"अप्पा, एक ऱ्हायलं."

आतला खोकला थांबला.

"क्लासातला लॅपटॉप आपोआप बंद पडत नव्हता म्हणून सांगा. मी बटन दाबून धरत हुते."

शांतक्कानं मला विचारलं, म्हंजे काय रे दत्ता? मी सुसला तोंडात कोंबला. खाजानं ताटली तोंडापुढं धरली, ती नुसती हलायला लागली. शरणूचे कान लालभडक. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "कारण सापडलं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी शरणू दाढी करून क्लासात आला, लॅपटॉप उघडला आणि तो जुना रिपोर्ट काढला. बर्फातल्या गड्याला त्यानं दोनच ओळी लिहिल्या. 'हा बिघाड नाही. दुरुस्त करू नये.'