अड्याळची पेटी

भंडारा रोड या स्टेशनावर पहिल्यांदा उतरणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिथे रोड आहे, भंडारा नाही. गाव वरठी, पाटी भंडारा रोडची, आणि खुद्द भंडारा शहर रिक्षावाल्याच्या मनात येईल तितकं लांब. हे मला पुण्यात कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांचं घोरणं ऐकून मी फलाटावर उतरले ती मुळातच फणफणत. मला न्यायला येणारा प्रमोद फोनवर म्हणाला, "आलोच मॅडम, पोचूनच राहिलो." 'पोचून राहिलो' म्हणजे माणूस अजून घरून निघालेला नाही, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

माझा व्यवसाय लोकांच्या तयार मालातली खोट काढण्याचा आहे. आमच्या पुण्याच्या कंपनीने नागपूरजवळच्या एका शीतगृहाचं विजेचं काम घेतलं होतं. त्यासाठी चार पॅनलं (वीज आत घेऊन ठिकठिकाणी वाटून देणारी लोखंडी कपाटं) अड्याळच्या एका घरगुती कारखान्याने बनवली होती. मी ती तपासायची, पास म्हणायचं, माल ट्रकमध्ये चढणार आणि मी दुपारच्या गाडीने परत, असा साधा बेत होता. साधे बेत माझ्या वाट्याला कधी आलेले नाहीत.

स्टेशनाबाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर लालभडक तिखट रस्सा) घेतले. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. पोलाद कारखान्याची पाळी सुटली असावी. मोटारसायकली आणि सायकली रस्ताभर लोटल्या होत्या. टपरीवाल्याने न मागता पुन्हा तर्री ओतली आणि म्हणाला, "पुण्याच्या दिसून राहिल्या तुमी. थोडीच टाकली." थोडी टाकली तर ही अवस्था, मग पुरती टाकल्यावर काय होत असेल ते तोच जाणे.

प्रमोद आला तेव्हा गाडीची डिक्की उघडीच होती. आत पत्र्याच्या पेट्या एकमेकींवर रचलेल्या.

"या पेट्या हायेत जी, पाण्याच्या मोटरच्या," तो म्हणाला. "जाता जाता दोन-तीन द्याच्या हायेत. रस्त्यावरच हाये सारं."

रस्त्यावरच म्हणजे पवनीचा रस्ता सोडून, धानाच्या बांध्यांमधून (बांधांनी वेढलेल्या शेताच्या तुकड्यांमधून) जाणाऱ्या चाकोरीने, गाडीच्या पोटाला दगड लागेपर्यंत आत. धान लोंबीला आलं होतं, पावसाळा सरला तरी हवेतली ओल गेली नव्हती, आणि एका बोडीच्या (शेताजवळच्या लहानशा तळ्याच्या) काठाने आम्ही चिखलात रुतलो. मी खाली उतरले, माझी चप्पल चिखलातच राहिली. प्रमोद आणि दोन गडी गाडी ढकलत असताना शेताच्या मालकीणबाईंनी माझ्या हातावर उकडलेले शिंगाडे ठेवले. हे मात्र छान होते, हे कबूल करते.

"श्रावणजीकडं चालल्या का?" त्यांनी विचारलं. "माही मोटर दोन डाव जळली होती. त्याईची पेटी लावली, तवापासून नाई जळली."

श्रावणजी म्हणजे प्रमोदचे वडील, कारखान्याचे मूळ पुरुष. त्यांची कहाणी मला प्रमोदने उरलेल्या रस्त्यात सांगितली, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून. अड्याळच्या बाजारात श्रावणजींची एका खोलीची जागा होती. जळालेल्या मोटारी ते पुन्हा तांब्याची तार भरून चालू करून देत. मोटारी जळायच्या त्या लायनीमुळे. वीज येते त्या तीन फेजांतला (तारांतला) एक जातो, मोटर उरलेल्या दोनांवर कण्हत राहते आणि शेवटी जळते. त्याच त्याच लोकांच्या त्याच त्याच मोटारी बघून श्रावणजी वैतागले आणि त्यांनी एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारी पेटी बनवली. पेटी इतकी चांगली चालली की परिसरातल्या मोटारी जळायच्या थांबल्या, आणि श्रावणजींचा तार भरायचा धंदा बसला.

"म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा," मी म्हटलं.

"मंग पेट्याच बनवा लागल्या ना," प्रमोद म्हणाला. "पवनी, लाखांदूर, साकोली, सारीकडं जातेत आता."

खोलीचा कारखाना झाला तो असा. अड्याळबाहेर रस्त्याला लागून शेड उभी राहिली, गावातल्या बायका आणि पोरं कामाला आली. मग प्रमोदचं लग्न झालं. त्याची बायको वैशाली विजेचा डिप्लोमा केलेली. तिने दोन-चार वर्षं पेट्या बघितल्या आणि मोठी पॅनलं बनवायचं मनावर घेतलं. प्रमोदला ते पसंत नव्हतं, हे त्याने मला लपवलंही नाही.

"हा माल पास झाला तं पुढं पाहू. नाई झाला तं बंद. आपली पेटीच बरी. मी तिले सांगूनच ठेवलं हाये."

म्हणजे मी तपासायला निघाले होते ती चार कपाटं, आणि त्यांच्या जोडीने एका नवरा-बायकोतला वाद. पुण्याहून निघताना हे कोणी सांगितलं असतं तर मी सरळ रजा टाकली असती.

शेडमध्ये पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. पॅनलं एका रांगेत उभी होती, तीन मध्यम आणि एक मोठं, माझ्याहून उंच. मी मेगर काढला. तारेतली वीज जिथे जायला नको तिथे झिरपते का, हे सांगणारं हे यंत्र. पण श्रावणजी समोर येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, सदऱ्याच्या खिशात टेस्टर.

"आधी जेवा जी. उपाशी माणसाले खोटच दिसते."

मी पोह्यांचा दाखला दिला, शिंगाड्यांचा दिला. व्यर्थ. भात, वरण, लाखोळीच्या डाळीचे वडे, वर तेल-तिखट. तिसरा वडा मी नको म्हटला तर चौथाही ताटात पडला. घड्याळाकडे बघणं मी सोडून दिलं.

शेवटी काम सुरू झालं. वैशाली बारीक चणीची, बोलायला कमी. मी मागायच्या आत पाना माझ्या हातात देत होती. पहिली तीन पॅनलं नंबरी निघाली. जोडण्या घट्ट, तारा शिस्तीत, आणि मेगरचा काटा जिथे असावा तिथे. मी इतकी वर्षं हे काम करते, मोठमोठ्या कारखान्यांतही इतकी स्वच्छ जोडणी क्वचित बघितली आहे. मग मोठ्या पॅनलला मेगर लावला आणि काटा खाली आपटला, म्हणजे आत कुठेतरी वीज झिरपत होती.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. वैशालीचा चेहरा उतरला. प्रमोदने हातांची घडी घातली. ती मला शब्दांपेक्षा जास्त डाचली. श्रावणजी लांब खुर्चीवर बसून बघत होते. मागचा पत्रा काढून मी आत डोकं घातलं. तांब्याच्या जाड पट्ट्या ज्या टेकूंवर बसवतात त्या टेकूंवरून मुंग्यांची एक लांब रांग चालली होती. बोट लावलं तर चिकट. पट्टीच्या मागे खोबऱ्याची कपची आणि कुंकवाचा डाग.

मी डोकं बाहेर काढलं. "यात नारळ कोणी फोडला?"

वैशालीने मला हाताला धरून शेडच्या मागे नेलं. पहिलं मोठं काम म्हणून सकाळी पूजा केली, ती म्हणाली. तिने हार बाहेरून घालायचा असं सांगितलं होतं. ती न्हायला गेली आणि मामाजींनी (तिकडे सासऱ्यांना असंच म्हणतात) पॅनल उघडून, आतही देवाचं पाणी लागावं म्हणून, नारळ आतच वाढवला.

"मले आत्ताच कामावरच्या बाईनं सांगितलं. पण मॅडम, मामाजीले सांगू नका. त्याईले वाटन, आपल्यानं सारं बुडालं. मी सांगतो, हवेत ओल हाये म्हणून झालं."

मला संताप आला. कोणावर, ते ठरेना. म्हाताऱ्यावर, देवावर, हिच्यावर, की चौथ्या वड्यावर. ही बाई स्वतःचं काम गाळात घालायला निघाली होती, एका म्हाताऱ्याचं मन राखायला. मी म्हटलं, ठीक आहे, तुमचं घर, तुम्ही बघा. आधी हे धुऊन काढा.

टेकू एकेक करून उतरवले, पुसले, औषधाने धुतले, गरम हवेच्या यंत्रापुढे ठेवले. माझी गाडी तोवर नागपूरच्या वाटेला लागली असेल. मी बाहेर येऊन बाकावर बसले, पायाला चिखल, पोटात चार वडे. श्रावणजी येऊन शेजारी बसले.

"ओल हाये म्हणतेत," ते म्हणाले.

मी काडीने पायाचा चिखल खरवडायला लागले.

"तीन पॅनलाले ओल नाई लागली. एकालेच काहून लागली?"

माझ्या तोंडावरचा वैताग त्यांनी वाचला असावा.

"मी समजलो जी. पोरीचं काम कच्चं निघालं. प्रमोद म्हणत होता, आपल्यानं मोठं काम व्हाचं नाई. मीच म्हणलो होतो, होते." त्यांनी खिशातला टेस्टर काढला, पुन्हा ठेवला. "तिले काई बोलू नका. कच्चं असन तं असू द्या. नापास लिहा अन् जा, मी तिले समजावतो."

आता मात्र माझा संयम सुटला. एक घर, त्यात चार भिंती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला जपायला काहीतरी झाकतोय. आणि त्या सगळ्या जपण्यात मार खातंय ते एकट्या वैशालीचं काम, ज्यात काडीची खोट नव्हती.

"काम कच्चं नाही," मी म्हटलं. "तुम्ही आत नारळ फोडलात. त्याच्या पाण्याने झालं."

मला वाटलं, आता म्हातारा खचणार.

"माह्याच नारळानं?"

"तुमच्याच."

"दुसरं काई नाई ना?"

"काहीसुद्धा नाही. बाकी पॅनल उत्तम आहे."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले खरे, पण शेडमध्ये गेले ते चांगले झपझप. मी मागोमाग. प्रमोद दाराशीच उभा होता.

"ऐकलं का रे," श्रावणजी म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कामावरच्या बायकांनी हात थांबवले. "पोरीच्या कामात खोट नाई. खोट माह्या नारळात हाये. मॅडमनं सांगितलं."

वैशालीने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं, आणि टेकू पुसायचं फडकं तोंडावर धरून रडायला लागली. श्रावणजी चक्क हसत होते. प्रमोदने हातांची घडी सोडली. मग बाह्या सरसावून उरलेले टेकू पुसायला बसला.

दिवेलागणीला मी मोठ्या पॅनलला पुन्हा मेगर लावला. काटा जिथे जायला हवा होता तिथे गेला. श्रावणजींनी मला विचारलं, पुढच्या खेपेला नारळ कुठे फोडू. मी त्यांना गेटाबाहेरचा दगड दाखवला. त्यांना तो जरा लांब वाटला.

रात्री त्यांच्याच घरी राहिले. सकाळी प्रमोदने मला वरठीला सोडलं, वाटेत दोन पेट्या देऊन. गाडी सुटताना म्हणाला, "पुढच्या पॅनलाले बी तुमीच या जी." मी बघू म्हटलं.

पुण्याला पोचल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं. माझा अहवाल त्यांच्या टेबलावर होता. "मोठं पॅनल आधी नापास, कारण नारळाचं पाणी? हे काय लिहिलंय? ओल आली होती असं लिहा."

मी नाही म्हटलं. ओल लिहिली की वाचणारा म्हणणार, बनवणाऱ्याने नीट बंद केलं नसेल. नारळ लिहिला की कोणी वैशालीच्या कामाकडे बोट दाखवणार नाही. इतकी वर्षं अशा कागदांवर मी गुळगुळीत शब्द लिहीत आले, कोणाचा जीव दुखू नये म्हणून. साहेब म्हणाले, हसतील लोक. मी म्हटलं, हसू देत. ज्यांचा नारळ होता ते सगळ्यांत आधी हसले आहेत.