पिराजीमामांचा शब्द

मंगळवार पेठेतल्या अभ्यासिकेत पिराजीमामांना ठेवलं होतं ते झोपणाऱ्या पोरांना उठवायला. जुने पैलवान, त्यांचा हात खांद्यावर पडला की पोरगं खडबडून जागं व्हायचं. मालकांचा नियम होता, टेबलावर तीनदा डोकं टेकलं की जागा गेली. आणि मामांची उमेदीची वर्षं तर तालमीत झोपण्यात गेलेली. सकाळची मेहनत, मग खुराक, मग वस्तादांचा दम, की आडवं व्हा. दुपारी जो जागा दिसेल त्याला जादा बैठका.

मुरगूडची क्रांती त्या दिवशी बारापर्यंत दोनदा टेकली. तीनला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, आणि मागच्या वर्षी ती त्यातच नापास झालेली. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. तासभर पान उलटलेलं नाही, हे मामा बघत होते. शेवटी तीच उठून आली. सगळं विसरलंय म्हणाली, आता जातच नाही.

"नगं जाऊस. आधी झोप."

"मामा, माझं वर्ष जाईल. चेष्टा सुचतीया व्हय तुम्हाला?"

"रातभर जागून आखाड्यात कोण उतरतंय? पयल्याच झटक्याला पाठ लागंल. दोनला उठवतो. माझा शबूद."

चपलांच्या कपाटामागं मामांनी चटई टाकली. ती पडली तशी झोपली. मालक आले तर नोकरी जाणार, म्हणून मामा दारात खुर्ची टाकून बसले. डबा उघडला, दोन भाकऱ्या खाल्ल्या. आणि तालमीतली सवय उलटली. पोट भरलं तशी मान कलली.

डोळे उघडले तेव्हा अडीच वाजून पाच मिनिटं झाली होती.

क्रांतीनं घड्याळ बघितलं, मामांकडं बघितलं, नुसतं दप्तर उचललं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांनी गाडी काढली. सिग्नलला आडवा ट्रॅक्टर, पुढं एसटी. मागं ती काहीतरी पुटपुटत होती. आपल्यालाच शिव्या असणार, म्हणून त्यांनी कान दिला. तर ती कशात काय घातलं की कुठला रंग येतो ते म्हणत होती. ओळीनं, न अडखळता.

तीनला दोन मिनिटं कमी होती. ती पळत आत गेली. मागं वळूनही बघितलं नाही.

नंतर सहा दिवस ती अभ्यासिकेत फिरकली नाही. सातव्या दिवशी दुपारी आली, चटई स्वतःच ओढली.

"तीनला फिजिक्सचं हाय. पाऊण तास झोपते," ती म्हणाली. मग दारातली मामांची खुर्ची उचलून तिनं आत नेली.

मामांनी डबा उघडला नाही. पाऊण तास ते दारात उभे राहिले.