पंख्याखालची जागा

बाकावर काठी दोनदा आपटायची आणि म्हणायचं, "हाई मनी जागा शे. ऊठ." आमच्या चर्चमध्ये आबांची ओळख ही अशी. पुढून तिसरा बाक, पंख्याखालचं टोक, ही त्यांची जागा. पाहुणा असो की लेकुरवाळी, आबा उठवायचे म्हणजे उठवायचे. तुमच्याही ओळखीचा असा एखादा असेल, बघा.

चाळीसगावला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेला माणूस. मी मागच्याच बाकावर बसते, त्यामुळे त्यांची प्रार्थना मला पाठ होती: माझे गुडघे, माझी पेन्शन, माझी झोप. एकदा मला हसू फुटलं, तर वळून म्हणाले, "तू तुनं माग ना."

कब्रस्तानातही तोच हट्ट. बायकोच्या कबरीशेजारची जागा त्यांनी विटा लावून आखून ठेवली होती. ईस्टरला दोन्हींना चुना मारायचे आणि तिच्याशी बोलत बसायचे. तिच्याशेजारी झोपायला मिळावं, एवढंच त्यांना आता हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून एक जोडपं कापूस वेचायला आलं. आमच्यासारखंच ख्रिस्ती. रविवारी सगळ्यांच्या मागे, जमिनीवर बसायचं. बाई तापाने गेली. गावी न्यायची नवऱ्याची ऐपत नव्हती. तो तिला टेम्पोत घालून चर्चच्या फाटकाशी आला आणि माती देण्यापुरती जागा मागू लागला.

आणि आमची कमिटी? बाई आपल्या मंडळीची सभासद नाही, म्हणे. कब्रस्तानातल्या उरलेल्या जागा घराण्यांच्या आहेत, म्हणे. आदल्याच रविवारी शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून घसा कोरडा करणारी हीच तोंडं. माझं डोकं सणकलं. मी बोलले, तर सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मोकळी जागा एकच आहे, आबांची. ते बाकावर बसू देत नाहीत, तिथे देतील?" दोघे-तिघे हसले. प्रेत फाटकात असताना हसले.

आबा तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. ते कब्रस्तानाकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. बायकोच्या कबरीपाशी ते थांबले, डोळे पुसले, मग वाकून एकेक वीट उपटायला लागले. सेक्रेटरी धावत आले आणि नियम सांगू लागले. आबांनी काठी दोनदा आपटली.

"मनी जागा शे ना? मग मी कोनले बी देसू."

पुढच्या रविवारी आबांच्या प्रार्थनेत पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव आलं, त्या नवऱ्याचं. गुडघे नंतर आलेच, तेवढं चालायचं. पण बाकावर ते सरकून बसायला लागले.

पावसाळ्याआधी आबा गेले. त्यांना कुंपणाच्या कडेला, बाभळीची मुळं तोडून कशीबशी काढलेली जागा मिळाली, बायकोपासून लांब. कमिटीने आबांच्या त्यागावर भाषणं ठोकली, बाकावर त्यांच्या नावाची पितळी पट्टी बसवली आणि तिथे कोणी बसायचं नाही असं ठरवलं. काय म्हणावं या लोकांना? माझ्या तर अंगाचा तिळपापड होतो.

यंदा वेचणीला तो नवरा परत आला. त्याला पट्टी वाचता येत नव्हती. रिकामं टोक दिसलं म्हणून बसला. सेक्रेटरींनी त्याला ओळखलंही नाही. खांद्याला हात लावून म्हणाले, "ऊठ, ती आबांची जागा आहे." बिचारा उठलाही.

मी त्याला दंडाला धरून परत बसवलं. "आबांची आहे ना," सगळ्यांच्या देखत म्हटलं, "म्हणूनच तो बसेल."

आणि जाऊन पंखा लावला.